शपथ मोडा, पण त्याला सांगून मोडा

पत्र: माझे वय चोपन्न, राहणार धायरी. माझ्या धाकट्या भावाचे भोसरीत लहानसे वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन त्याने कर्जावर घेतली. दीड वर्षापासून जॉबवर्क कमी झाले, एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे पैसे अडकले, हप्ते थकले आणि वसुलीचे फोन सुरू झाले. तो रोज संध्याकाळी पिऊ लागला आहे आणि पहाटे तीनला जागा होऊन बसून राहतो, असे त्याची बायको सांगते. पंधरा दिवसांपूर्वी त्याने मला वर्कशॉपवर बोलावून घराच्या आणि विम्याच्या कागदांची फाइल दिली आणि म्हणाला, ‘दादा, माझ्या मागे मुलांकडे बघ.’ ‘असलं अभद्र बोलू नकोस’ म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. त्यावर त्याने, हे कोणालाही, विशेषतः त्याच्या बायकोला, सांगायचे नाही अशी मला आईची शपथ घातली. गेल्या आठवड्यापासून मात्र तो एकदम शांत दिसतो, त्यामुळे मला जरा हायसे वाटले. मी तीन लाख रुपये उभे करू शकतो. त्याला महिनाभर जुन्नरकडे आमच्या शेतावर पाठवावे, असेही मनात आहे. पुन्हा विषय काढला तर नसता विचार त्याच्या डोक्यात घातल्यासारखे होईल, अशी भीती वाटते. पोलिसांचे लचांड मागे लागेल का, हेही कळत नाही. मी काय करावे? – एक मोठा भाऊ

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला थोडक्यात उत्तर पाठवले होते, कारण अशा पत्राला सदराची पाळी येईपर्यंत थांबवणे योग्य नव्हते. भावाला आजच समक्ष भेटा, त्याला सरळ विचारा आणि रात्री त्याला एकटे राहू देऊ नका, एवढेच त्यात होते. आता तेच सविस्तर लिहिते आहे. तुमच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील बदलून ते येथे छापत आहोत, कारण भोसरी, चाकण, नऱ्हे, धायरी या पट्ट्यातल्या इतर घरांतही असे काही चालले असेल आणि तिथल्या मोठ्या भावांनाही नेमके हेच प्रश्न पडले असतील.

तुमच्या पत्रातले सर्वांत काळजीचे वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात. कर्ज, दारू आणि ती फाइल यांनी मी अस्वस्थ झालेच, पण त्याहून अधिक अस्वस्थ झाले ते ‘गेल्या आठवड्यापासून मात्र तो एकदम शांत दिसतो’ या वाक्याने. अडकलेले पैसे आलेले नाहीत, हप्ते थकलेलेच आहेत, औषधोपचार सुरू झालेले नाहीत. म्हणजे परिस्थितीत काहीही बदललेले नसताना माणूस एकाएकी निवांत झाला, तर त्याचा एक अर्थ असाही असू शकतो की जगावे की नाही ही त्याच्या मनातली ओढाताण थांबली आहे आणि त्याने काहीतरी ठरवले आहे. तसेच असेल असे मी म्हणत नाही. तुमच्यापाशी निदान एक वाक्य बोलता आले म्हणूनही त्याला हलके वाटत असेल. परंतु यांपैकी खरे कोणते, हे बाहेरून पाहून कोणालाही ओळखता येत नाही, आमच्यासारख्या हेच काम करणाऱ्यांनाही नाही. ते त्यालाच विचारावे लागते. कागद सोपवणे आणि मुलांची जबाबदारी दुसऱ्याकडे देणे या निरवानिरवीनंतर आलेली शांतता ही हायसे वाटून घेण्याची गोष्ट नव्हे.

विचारल्याने विचार डोक्यात जातो, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. यावर बरेच संशोधन झालेले आहे आणि आत्महत्येविषयी विचारल्यामुळे तो विचार नव्याने निर्माण होतो किंवा बळावतो, असे त्यात आढळलेले नाही. उलट, जे इतके दिवस एकट्याने वाहिले ते कोणीतरी उच्चारून दाखवले, यानेच अनेकांना सुटल्यासारखे वाटते. शिवाय तुमच्या बाबतीत हा विषय तुम्ही काढलेलाच नाही. तो त्याने काढला, फाइल पुढे करून, त्याला जमले तसा. तुम्ही घाबरून ओरडलात. त्याला मात्र एवढेच कळले असणार की दादापुढे हे बोलता येत नाही. यात तुम्हाला दोष देण्याचा हेतू नाही. अशुभ बोलले की वास्तू तथास्तु म्हणते, हे ज्या घरात लहानपणापासून ऐकलेले असते, तिथल्या माणसाच्या तोंडून तो ओरडा आपोआप निघतो. पण बंद झालेले ते दार आता तुम्हालाच उघडावे लागेल.

त्यासाठी जागा आणि वेळ नीट निवडा. घरी मुले असतात, वर्कशॉपवर फोन खणखणत असतो आणि संध्याकाळी सातनंतर तो प्यालेला असतो. या तिन्ही वेळा टाळा. दुपारी त्याला तुमच्या गाडीत घ्या आणि एखाद्या शांत रस्त्याच्या कडेला गाडी उभी करा. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून, दोघांची नजर रस्त्यावर असताना, पुरुषांना बोलणे सोपे जाते, असे मी पाहिले आहे. सुरुवात तुमच्याकडून व्हावी, आणि ती साधी असावी: ‘त्या दिवशी तू फाइल दिलीस आणि मी तुझ्यावर ओरडलो. घाबरलो होतो म्हणून ओरडलो. आज ऐकायला आलोय. तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ शेवटचा प्रश्न असाच, आडपडदा न ठेवता विचारा. ‘तू असला वेडेपणा करणार नाहीस ना?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नातच तुम्हाला हवे असलेले उत्तर आहे आणि मोठ्या भावाचा मान राखणारा धाकटा भाऊ तेच उत्तर देऊन मोकळा होईल.

विचारल्यानंतर थांबा. तो बराच वेळ काही बोलणार नाही, कदाचित रडेल, कदाचित चिडेल. ती शांतता भरून काढण्यासाठी आपण जे जे बोलतो ते बहुतेक सगळे चुकीचे असते. मुलांचे काय होईल, आईला हा धक्का सोसेल का, बाबांनी याहून वाईट दिवस काढले, इतकी माणसे कर्जात आहेत ती काय जीव देतात का. ही वाक्ये प्रेमापोटीच येतात, पण आपण सगळ्यांवर ओझे झालो आहोत असे ज्याला आधीच वाटते आहे, त्याच्या पारड्यात ती आणखी एक अपराध टाकतात. पुण्यात व्याख्यानांना तोटा नाही. तुमच्या भावाला आणखी एका व्याख्यानाची गरज नाही. तो ‘मी गेलो तर सगळं फिटेल’ असा हिशेब मांडू लागला, तर विम्याच्या कलमांवर किंवा आकड्यांवर त्याच्याशी वाद घालू नका. तो हिशेब व्यवहाराचा नाहीच. माणूस खोल नैराश्यात असला की स्वतःची किंमत त्याला फक्त देण्या-घेण्यात दिसू लागते, आणि असे वाटणे हा त्या आजाराचाच भाग असतो. तुम्ही एवढेच म्हणा: ‘मला पैसे फिटायला नकोत, तू हवा आहेस. एवढं सगळं तू एकटा वाहत होतास, हे मला कळलं नव्हतं.’

तो ‘हो’ म्हणाला, तर तिथेच विषय संपवून त्याला छातीशी धरून घरी आणू नका. आणखी काही प्रश्न विचारायचे असतात. हे विचार कधीपासून येतात आणि किती वेळा येतात, काय करायचे हे ठरवले आहे का, त्यासाठी काही आणून ठेवले आहे का, दिवस मनात आहे का, यापूर्वी कधी असा प्रयत्न केला होता का. हे विचारायला मनावर दगड ठेवावा लागेल, हे मला ठाऊक आहे. पण ‘सकाळ उजाडूच नये असं वाटतं’ आणि ‘अमुक दिवशी अमुक करायचं ठरवलं आहे’ यांत जे अंतर आहे, त्यावर तुमचे पुढचे पाऊल ठरते. ठरलेला बेत, हाताशी असलेले साधन आणि नजीकची वेळ, यांपैकी एकही गोष्ट बोलण्यात आली तर ही तातडीची वैद्यकीय वेळ आहे. तेव्हा त्याला एक क्षणही एकटे सोडू नका, त्याच दुपारी पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाच्या किंवा ससूनच्या तातडीच्या विभागात, नाहीतर जवळ जे मोठे रुग्णालय असेल तिथे, स्वतः घेऊन जा. तो यायला तयार नसेल किंवा त्याने स्वतःला काही इजा केलेली असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा ११२ वर मदत मागा. ‘उद्या सकाळी बघू’ हे त्या दिवशी चालणार नाही.

तो ‘नाही’ म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा, पण दार लावून घेऊ नका. ‘बरं, पण मी परत विचारणार आहे, आणि कधी वाटलंच तर रात्री दोनलाही मला फोन कर’ असे सांगा, आणि खरोखरच दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा. आत्महत्येचा विचार भरतीसारखा येतो आणि ओसरतो. मंगळवारी खरे असलेले ‘नाही’ शुक्रवारी खरे असेलच असे नाही.

आता शपथेविषयी. मला माहीत आहे की तुमच्यासारख्या माणसाला ही गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा जड वाटत असेल, कारण शपथ आईची आहे. तरीही माझे मत निःसंदिग्ध आहे: जिवाशी संबंधित गुपित पाळण्याचे वचन कोणालाही देऊ नये, आणि दिले गेलेच असेल तर ते मोडावे. पण त्याच्या पाठीमागे मोडू नका. आधी त्याला सांगा: ‘तू घातलेली शपथ मी मोडणार आहे. त्याचं पाप माझ्या माथी असू दे. तुझ्या बायकोला हे कळायलाच हवं. तू सांगतोस, की मी सांगू, की दोघं मिळून सांगूया?’ निवड त्याच्या हाती राहिली की त्याचा मानही राहतो. गेल्या वर्षभरात त्याच्या हातून एकेक गोष्ट निसटत गेली आहे. हीसुद्धा त्याच्या नकळत घडली तर पुढच्या वेळी तो तुमच्यापाशीही बोलणार नाही.

बायकोला सांगणे का आवश्यक आहे, याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. पहाटे तीनला तो जागा होतो तेव्हा घरात ती असते, तुम्ही नसता. धायरीहून भोसरीला पोहोचायला गर्दीच्या वेळी तास-दीड तास सहज जातो. आणि त्या जागरणाविषयी तुम्हाला तिनेच सांगितले, याचा अर्थ अर्धी गोष्ट तिला कळलेली आहे आणि उरलेली अर्धी ती एकटीच मनात भरून काढते आहे. एक विनंती मात्र करते. घरातल्या मोठ्यांकडून ‘तिने खर्च आवरला असता तर’ किंवा ‘तिचं लक्ष नव्हतं का’ अशा सुराचा एकही शब्द निघणार नाही, हे तुम्ही बघा. अशा वेळी सगळा भार बायकोवर आणि सगळा ठपकाही बायकोवर, असे आपल्याकडे फार वेळा होते. तुमच्या आईला सारे सांगितलेच पाहिजे असे नाही. मुलांना मात्र काहीतरी बिनसले आहे हे दिसतच असते. ‘बाबांना बरं नाही, झोप लागत नाही, डॉक्टरांकडे नेतो आहोत’ इतके खरे त्यांना सांगावे.

गावी पाठवण्याच्या बेताला मी स्पष्ट नकार देते. हवापालट म्हणून ते चांगले वाटते, पण विचार करा: शेतावरच्या घरात तो एकटा असेल, फवारणीची औषधे तिथे बहुधा उघड्यावरच असतील, आणि मानसोपचारतज्ज्ञ दूर असेल. जीव देण्याची तीव्र ऊर्मी अनेकदा थोड्याच वेळाची असते, काही मिनिटांची किंवा काही तासांची, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसले तर माणूस बहुतेकदा वाचतो. वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढेही आत्महत्येने जात नाहीत. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तेव्हा पुढच्या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. लोकांची दुःखे काही त्या दहा वर्षांत निम्मी झाली नव्हती. म्हणून भोसरीच्या घरातही हेच पाहायचे: आईची, मुलांची, सगळ्यांची औषधे एका कुलपाच्या डब्यात आणि किल्ली बायकोकडे, वर्कशॉपची किल्ली रात्री विश्वासातल्या कारागिराकडे, म्हणजे शटर बंद झाल्यावर तो तिथे एकटा थांबणार नाही, आणि त्याने बोलण्यात ज्या साधनाचा उल्लेख केला असेल ते त्याच दिवशी घराबाहेर. हे चोरून करू नका, ‘थोडे दिवस हे मी माझ्याकडे ठेवतो’ असे सांगून करा. दारू लगेच पूर्ण सुटेल ही अपेक्षा धरू नका, आणि तो बराच पीत असेल तर ती एकदम तोडू नका, कारण त्याचाही शरीराला धोका असतो. ते डॉक्टरांसमोर सांगा. पण प्यालेल्या अवस्थेत मनाचा लगाम सुटतो, म्हणून त्या तासांत कोणीतरी सोबत असलेच पाहिजे.

डॉक्टरांकडे न्यायचे म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचे, आणि येत्या दोन-तीन दिवसांतच. तुमचा भाऊ ‘मी काय वेडा आहे का?’ असे म्हणेल, हे गृहीत धरा. पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोद आहे आणि त्या विनोदाने किती माणसांना उपचारांपासून लांब ठेवले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. खरे तर येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि नैराश्याचे बहुसंख्य रुग्ण कधीही दाखल न होता घरी राहूनच बरे होतात. त्याला झोपेवरून न्या. पहाटे तीनला जाग येणे हे त्याला स्वतःलाही नको आहे, ते नैराश्याचे नेहमीचे लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यामुळे यात फसवणूक काहीच नाही. वेळ तुम्ही घ्या, सोबत तुम्ही जा, आणि तो आत गेल्यावर फाइलीची गोष्ट सांगेल याची खात्री नसेल तर ती तुम्ही सांगा. ओळखीचे फॅमिली डॉक्टर असतील तर पहिली भेट त्यांच्याकडे झाली तरी हरकत नाही. बऱ्याच घरांत मानसोपचारतज्ज्ञाचे नाव त्यांच्याच तोंडून आले की पटते.

भेटीची वेळ मिळेपर्यंत आणि त्यानंतरही एक क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असावा: १४४१६. हा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडल्यास ते पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्थाही आत्महत्येच्या विचारांनी त्रस्त माणसांचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम करते. तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक सल्ले देत नाहीत, ऐकतात, आणि कधीकधी घरच्यांपेक्षा अनोळखी माणसापाशी बोलणे सोपे जाते. त्यांचा क्रमांक आणि वेळ संस्थेच्या संकेतस्थळावरून घेऊन ठेवा.

पोलिसांची भीती मात्र मनातून काढून टाका. मनात विचार येणे हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसाविषयीही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम ११५ असे सांगते की तो तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरायचे आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याची काळजी घेणे आणि त्याला उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नासाठी जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखी सरसकट शिक्षेची तरतूदच उरलेली नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते एक कलम आहे, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. डॉक्टरांना सांगितलेले गोपनीय राखणे हेही त्याच २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आता तुमचे तीन लाख. ते देऊ नका असे मी म्हणणार नाही, पण पहिली गोष्ट म्हणून देऊ नका. पैसे दिले की आपले काम झाले असे देणाऱ्याला वाटते, आणि घेणाऱ्याला आपण आता दादाचेही देणेकरी झालो असे वाटते. शिवाय दुःखाचे सगळे कारण कर्ज आहे, हे मला पूर्णपणे पटत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक; दर दहांत साधारण सात पुरुष. आणि दिवाळखोरी किंवा कर्ज हे कारण म्हणून नोंदवलेले मृत्यू चार टक्क्यांच्या आसपास आहेत. पोलिसांनी एकाच रकान्यात भरलेले कारण ढोबळच असते, हे मान्य. तरीही कर्जात बुडालेले बहुसंख्य लोक जगतात, हे त्यातून दिसतेच. कर्जाच्या जोडीला गेलेली झोप, दारू, न बोललेली लाज आणि उपचार न झालेले नैराश्य येते, तेव्हा गोष्ट जिवावर बेतते. त्यातल्या झोपेवर आणि नैराश्यावर महिन्या-दोन महिन्यांत इलाज होऊ शकतो, कर्जावर होणार नाही. म्हणून क्रम असा लावावा.

पैशाच्या बाजूने तुम्ही ताबडतोब करू शकाल अशी गोष्ट म्हणजे ते फोन तुमच्याकडे घेणे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, धमक्या देऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. उल्लंघन होत असेल तर नोंद ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करा. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादित (‘एनपीए’, म्हणजे थकीत) ठरते, तेव्हा त्याआधीच तुम्ही दोघे शाखेत जाऊन हप्त्यांची फेररचना मागा. गिऱ्हाइकाकडे अडकलेल्या पैशासाठी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हाताशी आहे: भावाची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर पंचेचाळीस दिवसांपेक्षा अधिक थकलेल्या बिलावर व्याज मागता येते आणि ‘एमएसएमई समाधान’ संकेतस्थळावरून तक्रार नोंदवता येते. आणखी एक प्रश्न हळूच विचारा: बँकेखेरीज कोणाचे आहे का? फोनवरच्या ॲपचे किंवा एखाद्या खासगी सावकाराचे कर्ज लोक शेवटपर्यंत लपवतात, आणि सर्वांत जास्त छळ तिथूनच होतो. विनापरवाना सावकारी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे आणि तिची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. वर्कशॉप विकायचे की ठेवायचे, हा निर्णय मात्र उपचार सुरू होऊन दोन महिने होईपर्यंत कोणीही घेऊ नये.

औषधे सुरू झाली की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि तिथेच गफलत होते. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. कधी अंगातली हुशारी आधी परत येते आणि मनातला अंधार नंतर ओसरतो. त्या मधल्या दिवसांत, तसेच रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, अधिक जागे राहावे लागते. पहिल्या महिन्यात गोळ्या बायकोच्या हातून आणि थोड्याथोड्याच आणाव्यात. बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच सोडू देऊ नका. डॉक्टर किंवा समुपदेशक त्याच्यासोबत बसून एका कागदावर त्याची स्वतःची योजना लिहून घेतील: विचार वाढू लागल्याची त्याची स्वतःची खूण कोणती, तेव्हा त्याने एकट्याने काय करायचे, कुठे जायचे, कोणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा. त्यांनी तसे केले नाही तर तुम्ही आठवण करा, आणि त्या कागदाचा फोटो तुमच्या, बायकोच्या आणि तिसऱ्या एका माणसाच्या फोनमध्ये ठेवा.

तो तिसरा माणूस आताच शोधा. एक मित्र, मेहुणा, वर्कशॉपमधला जुना सहकारी, कोणीही चालेल, पण तुम्ही आणि त्याची बायको अशा दोघांनीच हा पहारा महिनोन्‌महिने दिला तर दोघेही खचाल. कोणत्या रात्री कोण, हे रविवारी ठरवून टाका, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तुम्ही पूर्णपणे मोकळे राहा. पत्रात तुम्ही स्वतःविषयी एकही ओळ लिहिलेली नाही. पंधरा दिवस हे ओझे मनात ठेवून तुमचीही झोप गेली असणार. १४४१६ हा क्रमांक काळजी करणाऱ्या नातेवाइकांसाठीही आहे. गाडीतल्या त्या बोलण्याची भीती वाटत असेल तर भोसरीला निघण्याआधी तिथे फोन करा आणि काय विचारायचे, कसे विचारायचे, याचा एकदा मोठ्याने सराव करून घ्या.